दवाखान्याचा खर्च आणि घरचा खर्च: आरोग्य विम्याच्या जोडीला अपघात विमा

आरोग्य विमा दवाखान्याचे बिल भागवतो. अपघात विमा अपघातात मृत्यू आलेल्या किंवा कायमचे अपंगत्व आलेल्या माणसाच्या घराला आधी ठरलेली रक्कम देतो. पहिल्यात उपचारावर किती पैसे लागले ते पाहतात, दुसऱ्यात शरीराची हानी किती झाली ते पाहतात. म्हणून एक असला की दुसरा लागत नाही, असा समज चुकीचा आहे. पाय मोडलेल्या माणसाचे ऑपरेशन फुकट झाले तरी पुढचे दोन महिने घरात मजुरी येत नाही. आणि घरात दोन लाख रुपये आले तरी ते अतिदक्षता विभागाच्या बिलात गेले, तर मागे राहिलेल्यांच्या हाती काहीच उरत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात हा फरक समजून घेण्याला विशेष कारण आहे. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा कापूस आणि सोयाबीनचा आहे, आणि शेतीतले बहुतेक काम अंगमेहनतीचे आहे. पावसाळ्यात साप, विंचू आणि वीज. ऑगस्टपासून पऱ्हाटीवरची फवारणी. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचे मळणी यंत्र. हिवाळ्यात रात्रीचे ओलित, म्हणजे अंधारात विहीर, मोटर आणि विजेची तार. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, तर यवतमाळ, आर्णी, उमरखेडवरून नागपूर-तुळजापूर महामार्ग. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास वाघ आहे. इतक्या प्रकारच्या अपघातांसाठी एकच योजना पुरत नाही. प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळ्या व्यवस्था आहेत आणि प्रत्येकीचे दार वेगळ्या कचेरीत उघडते.

दवाखान्याची बाजू

राज्यातली मुख्य आरोग्य योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरच लाभ मिळत असे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही पुढे त्यात घेतले गेले. यवतमाळ त्या चौदांपैकी एक. २०२३ मध्ये ही योजना राज्यातल्या सर्व नागरिकांसाठी खुली करण्याचा आणि कुटुंबामागे वर्षाचे संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून सुरू झाली.

योजनेचा पैसा रुग्णाच्या हाती येत नाही. अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. तो शिधापत्रिका आणि ओळखपत्र पाहून नाव नोंदवतो, रुग्णालय उपचाराची पूर्वमंजुरी मागते आणि ठरलेल्या दराने पैसे थेट रुग्णालयाला मिळतात. उपचार योजनेच्या यादीत असला पाहिजे आणि रुग्णालयही यादीत असले पाहिजे. यादीबाहेरच्या खासगी दवाखान्यात ऑपरेशन करून घेतल्यावर बिल घेऊन योजनेकडे गेले, तर ते पैसे परत मिळत नाहीत. शंका असल्यास १५५३८८ या क्रमांकावर आधी विचारता येते.

रस्त्यावरच्या अपघातासाठी याखेरीज एक वेगळी सोय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६२ खाली केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दर जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या रुग्णालयात पैसे न भरता व्हावा, अशी तिची तरतूद आहे. जखमी माणूस कोणत्या राज्याचा, त्याच्याकडे कोणती शिधापत्रिका, हे येथे विचारले जात नाही. सात दिवसांनंतरचा उपचार मात्र त्याच्या नेहमीच्या आरोग्य योजनेतून किंवा पॉलिसीतून भागवावा लागतो.

ज्यांनी कंपनीची आरोग्य पॉलिसी घेतली आहे त्यांच्यासाठीही अपघाताचा नियम थोडा वेगळा आहे. नव्या पॉलिसीत पहिल्या ३० दिवसांत झालेल्या आजाराचा खर्च सहसा मिळत नाही आणि जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. अपघाताला ही थांबण्याची अट नाही. पॉलिसी सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून अपघाताचा उपचार त्यात बसतो. मात्र साधारणपणे किमान २४ तास भरती असणे आवश्यक असते. प्लास्टर करून संध्याकाळी घरी आलेल्या रुग्णाचा खर्च अनेक पॉलिसींत बसत नाही.

दोन आरोग्य पॉलिसी असल्या तरी एका बिलाचे पैसे दोनदा मिळत नाहीत. एका पॉलिसीची मर्यादा संपली तर उरलेले दुसरीकडून मागता येते, इतकेच. अपघात विम्याचे तसे नाही. तेथे बिलाचा प्रश्नच नसल्याने, दोन ठिकाणी विमा असेल तर दोन्ही ठिकाणची पूर्ण रक्कम मिळते. दोन्ही विमे एकमेकांच्या जोडीला चालू शकतात ते या नियमामुळेच.

घराची बाजू: सातबाऱ्यावरचे दोन लाख

शेतकऱ्यांसाठी राज्याने २००५-०६ मध्ये अपघात विमा योजना सुरू केली. मृत्यूनंतर मिळणारी रक्कम तेव्हा १ लाख रुपये होती. २०१५-१६ मध्ये योजनेला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले आणि पुढे रक्कम २ लाख झाली. शेतकऱ्याच्या वतीने हप्ता सरकारच भरत असे. दावा मात्र विमा कंपनीकडे जाई. कंपन्या आणि सल्लागार दावे वेळेत निकाली काढत नाहीत, नको त्या त्रुटी काढतात, अशा तक्रारी वाढल्या. अखेर १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने विमा कंपनी मधून काढून टाकण्यात आली. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना हे तिचे आताचे नाव. नियमाच्या भाषेत ती आता विमा नसून सरकारी अनुदान आहे, तरी गावात तिला अजून ‘शेतकरी विमा’च म्हणतात.

योजनेत दोघे येतात: सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला नाव नसलेला कोणताही एक सदस्य, म्हणजे आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा किंवा अविवाहित मुलगी. वय १० ते ७५. अपघाती मृत्यूला २ लाख. दोन डोळे, दोन हात-पाय किंवा एक डोळा व एक हात-पाय निकामी झाल्यास २ लाख. एक डोळा किंवा एक हात-पाय गेल्यास १ लाख. रस्ता व रेल्वे अपघात, बुडणे, विजेचा धक्का, वीज अंगावर पडणे, उंचावरून पडणे, सर्पदंश, विंचूदंश, जनावराचा हल्ला, जंतुनाशक हाताळताना झालेली विषबाधा, दंगल, खून आणि बाळंतपणातला मृत्यू या घटना त्यात धरल्या आहेत. नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली दुखापत, नशेत झालेला अपघात आणि गुन्हा करताना झालेला अपघात यांना पैसे मिळत नाहीत.

अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत करायचा असतो. निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची तालुका समिती घेते. एक अट मात्र अनेकांना उशिरा कळते: राज्य शासनाच्या दुसऱ्या विभागाकडून त्याच अपघातासाठी लाभ घेतला असेल, तर या योजनेचे पैसे मिळत नाहीत. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात २०१८ पर्यंत एका वाघिणीवर तेरा जणांच्या मृत्यूचा ठपका होता. अशा हल्ल्यात मृत्यू झाल्यास वन विभागाची मदत आज २५ लाख रुपये आहे, आणि ती घेणाऱ्या वारसांनी शेतकरी अपघात योजनेचे २ लाख धरून चालू नये.

वीस रुपयांचा विमा

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मे २०१५ मध्ये सुरू झाली. हप्ता वर्षाला १२ रुपये होता. १ जून २०२२ पासून तो २० रुपये आहे. बँकेत किंवा पोस्टात खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या कोणालाही ती घेता येते. सातबारा लागत नाही, शिधापत्रिका लागत नाही. मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेल्यास १ लाख. हा खातेदाराने स्वतःच्या पैशाने घेतलेला विमा असल्याने तो इतर सर्व लाभांच्या वर मिळतो, शेतकरी अपघात योजनेच्याही आणि वन विभागाच्या मदतीच्याही.

या योजनेचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते आणि हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो. यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी हाच अडचणीचा महिना. कापसाचे पैसे संपलेले असतात, बियाणे-खतासाठी खाते रिकामे झालेले असते किंवा नवे पीककर्ज अजून जमा झालेले नसते. खात्यात २० रुपये नसले तर विमा नव्या वर्षासाठी चालू राहत नाही, आणि त्याची खबर बहुतेकांना दावा करायला गेल्यावरच लागते. जूनमध्ये पासबुक भरून घेऊन २० रुपये कापले गेल्याची नोंद पाहणे, हा यावरचा साधा उपाय आहे. एकाच माणसाने तीन बँकांत तीनदा हप्ता भरला तरी संरक्षण एकदाच मिळते. जादा हप्ते वाया जातात.

४३६ रुपये हप्त्याची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आणि ही योजना यांची लोक बऱ्याचदा गल्लत करतात. जीवन ज्योती हा आयुर्विमा आहे. मृत्यू आजाराने झाला तरी तिचे २ लाख मिळतात, पण अपंगत्वाला काही मिळत नाही. सुरक्षा विम्यात उलट आहे: अपंगत्वाला मिळते, आजाराने झालेल्या मृत्यूला मिळत नाही.

गाडीबरोबर येणारे संरक्षण

मोटारसायकलच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे अपघात संरक्षण असते. विमा नियामकाने २०१८ मध्ये ही रक्कम ठरवली. त्याआधी दुचाकीला ती १ लाख होती. यासाठी गाडी स्वतःच्या नावावर असावी लागते, चालवणारा स्वतः मालक असावा लागतो आणि त्याच्याकडे वैध परवाना असावा लागतो. मागे बसलेल्याला किंवा उसनी गाडी नेलेल्या भाच्याला हे १५ लाख लागू होत नाहीत. नवी दुचाकी घेताना त्रयस्थ व्यक्तीचा विमा पाच वर्षांचा निघतो, पण मालक-चालकाचे संरक्षण पुष्कळदा एकाच वर्षाचे असते. कागदावर ‘विमा २०२९ पर्यंत’ असे दिसते आणि मालकाचे स्वतःचे संरक्षण मात्र केव्हाच संपलेले असते.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर केंद्राच्या योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. हे दर १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघाती मृत्यूचा विमा असतो: २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना २ लाख, त्याआधीच्यांना १ लाख. पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डाचा एकदा तरी वापर झालेला असावा लागतो. पेटीत ठेवून दिलेल्या कार्डाचा येथे उपयोग होत नाही.

सगळे मिळून काय मिळते

समजा, घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर आहे. त्याने २० रुपयांचा विमा घेतला आहे, मोटारसायकलीचे मालक-चालक संरक्षण चालू आहे आणि खासगी कंपनीची ५ लाखांची अपघात पॉलिसीही आहे. आता तीन शक्यता पाहता येतात.

पहिली: गाडी घसरली, मांडीचे हाड मोडले, सळई टाकली, दोन महिने खाट. ऑपरेशनचा खर्च आरोग्य योजनेतून भागतो. शेतकरी अपघात योजनेतून शून्य, २० रुपयांच्या विम्यातून शून्य, कारण पाय मोडला असला तरी कायमचा निकामी झालेला नाही. खासगी पॉलिसीत तात्पुरत्या अपंगत्वाचा पर्याय घेतला असेल तरच त्याला आठवड्याचे काही पैसे मिळतात.

दुसरी: शेतातल्या अपघातात एक डोळा कायमचा गेला. उपचार आरोग्य योजनेतून. शेतकरी योजनेतून १ लाख, सुरक्षा विम्यातून १ लाख आणि खासगी पॉलिसीतून विमा रकमेच्या निम्मे, म्हणजे अडीच लाख. एकूण साडेचार लाख.

तिसरी: मोटारसायकलीच्या अपघातानंतर त्याला यवतमाळहून नागपूरला किंवा सावंगीला हलवले आणि दहाव्या दिवशी मृत्यू झाला. दवाखान्याचे बिल रस्ता अपघात योजना आणि आरोग्य योजना यांतून भागते. घराला शेतकरी योजनेचे २ लाख, सुरक्षा विम्याचे २ लाख, गाडीच्या विम्याचे १५ लाख आणि खासगी पॉलिसीचे ५ लाख, एकूण २४ लाख मिळू शकतात. यातली एकही रक्कम दुसरीतून वजा होत नाही.

तिन्ही शक्यता शेजारी ठेवल्या की व्यवस्थेतली उणीव दिसते. मृत्यूसाठी सोय बरीच आहे, कायमच्या अपंगत्वासाठी मध्यम आहे, आणि सर्वांत जास्त वेळा घडणाऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे मोडलेले हाड आणि बुडालेला हंगाम यांसाठी, सरकारी योजनांत दवाखान्याच्या खर्चापलीकडे काहीही नाही.

खासगी पॉलिसीचा उपयोग

ती उणीव भरायला खासगी अपघात पॉलिसी कामी येते. पॉलिसींत गोंधळ होऊ नये म्हणून विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘सरल सुरक्षा विमा’ नावाची एकसारखी पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांना ठेवायला लावली. अटी सर्वत्र सारख्या, हप्ता कंपनीनुसार वेगळा. विमा रक्कम अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत, वय १८ ते ७०. मृत्यू, पूर्ण अपंगत्व आणि अंशतः अपंगत्व हे तीन लाभ मूळ पॉलिसीत असतात. जादा हप्ता देऊन आणखी तीन जोडता येतात: अपघाताच्या उपचारासाठी विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत खर्च, मुलांच्या शिक्षणासाठी अनुदान आणि तात्पुरते पूर्ण अपंगत्व.

तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के रक्कम, जास्तीत जास्त १०० आठवडे मिळते. ५ लाखांच्या पॉलिसीवर हे आठवड्याला १,००० रुपये होतात. रक्कम मोठी नाही, पण पेरणीच्या दिवसांत खाटेवर पडलेल्या माणसाला मजूर लावायला ती कामी येते.

अंशतः अपंगत्वाच्या बाबतीतही खासगी पॉलिसी पुढे आहे. मळणी यंत्रात बोटे जाणे हा सोयाबीनच्या हंगामातला नेहमीचा अपघात. सरकारी योजनांत पूर्ण हात, पाय किंवा डोळा गेल्याखेरीज रक्कम नाही; खासगी पॉलिसीत अंगठा, तर्जनी, इतर बोटे, एका कानाचे ऐकू येणे, प्रत्येकाची टक्केवारी तक्त्यात दिलेली असते. हप्ता वयापेक्षा कामाच्या धोक्यावर जास्त ठरतो: कचेरीत बसणाऱ्याचा कमी, यंत्रावर काम करणाऱ्याचा जास्त, खाणीत उतरणाऱ्याचा त्याहून जास्त. अर्जात व्यवसाय खरा लिहावा, कारण पुढे दाव्याच्या वेळी हीच नोंद तपासली जाते. आयुर्विम्याला जोडलेले अपघाती लाभही असतात. त्यांत मृत्यू अपघातापासून किती दिवसांत झाला याची मुदत असते. आयुर्विमा महामंडळाच्या जोडलाभात ती १८० दिवस आहे, सरल सुरक्षेत बारा महिने.

अपघात कशाला म्हणायचे

सर्व अपघात विम्यांची व्याख्या थोड्याफार फरकाने एकच आहे: अचानक, अनपेक्षित, इच्छेविरुद्ध आणि बाहेरच्या दृश्य कारणाने झालेली घटना. ही व्याख्या पूर्ण झाली नाही तर घर कितीही उद्ध्वस्त झाले असले तरी पैसे मिळत नाहीत. डास चावून मलेरियाने झालेला मृत्यू अपघात म्हणायचा का, असा प्रश्न २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मलेरियाची साथ नेहमीची असलेल्या मोझांबिकमध्ये तो मृत्यू झाला होता, आणि न्यायालयाने त्याला आजार ठरवले. त्याच वर्षी, मोटारसायकल चालवताना हृदयविकाराचा झटका येऊन पडलेल्या माणसाच्या प्रकरणात न्यायालयाने अपघाताचा दावा नाकारला. मृत्यू पडल्यामुळे झाला याचा पुरावा नव्हता. अंगणात घेरी येऊन पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या दाव्यातही हाच प्रश्न विचारला जातो: पडल्याने मृत्यू झाला, की आजारामुळे पडणे झाले?

यवतमाळात ही व्याख्या सर्वांत कसोटीला लागली ती २०१७ च्या हंगामात. जुलै ते ऑक्टोबर या काळात पऱ्हाटीवर कीटकनाशक फवारताना जिल्ह्यात शेकडो जणांना विषबाधा झाली आणि विसाच्या घरात शेतकरी-शेतमजूर दगावले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णांची रांग लागली. सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि मृतांच्या कुटुंबांना २ लाखांची मदत जाहीर केली. फवारणीत अंगावर किंवा नाकातोंडात गेलेले विष हा अपघात आहे. तेच औषध पिऊन घेतले तर ती आत्महत्या, आणि तिला कोणताही अपघात विमा लागू नाही. निकषांत बसणाऱ्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्याची १ लाखाची वेगळी मदत मिळते. शवविच्छेदनात दोन्हीकडे ‘विषबाधा’ हाच शब्द येतो. ती कशी झाली हे भरतीच्या वेळी डॉक्टरांनी लिहिलेल्या माहितीवरून, पंचनाम्यावरून आणि व्हिसेराच्या अहवालावरून ठरते. म्हणून फवारणीनंतर त्रास झालेल्या माणसाला दवाखान्यात नेणाऱ्याने कोणते औषध, किती वेळ, कोणाच्या वावरात फवारले, हे भरतीच्या कागदावर लिहवून घेतले पाहिजे. औषधाचा डबा सोबत नेला तर उपचारालाही मदत होते.

सातबारा नसलेल्यांचे काय

२०१७ च्या रुग्णांत फवारणीच्या रोजंदारीवर गेलेले मजूर बरेच होते. शेतकरी अपघात योजना सातबाऱ्यावर उभी असल्याने भूमिहीन मजूर, सालगडी आणि दुसऱ्याचे वावर मक्त्याने करणारा तीत येत नाही. वावर ज्याचे, विमा त्याचा. पाठीवर पंप असतो दुसऱ्याच्या. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने शेतातल्या फवारणीचे काम आपल्या यादीत घेतले होते, म्हणजे मजुराला भरपाई देण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली होती. पण तीन-चार एकरांच्या शेतकऱ्याकडून त्याच गावातल्या मजुराने अशी भरपाई वसूल करणे प्रत्यक्षात फार अवघड असते.

अशा मजुराच्या हाती तीन गोष्टी उरतात. उपचारासाठी जन आरोग्य योजना, जी आता सर्वांना खुली आहे. मृत्यू व अपंगत्वासाठी २० रुपयांचा सुरक्षा विमा, ज्याला जमिनीची अट नाही. आणि बांधकामावर जाणाऱ्या मजुरांसाठी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. नोंदणी चालू असेल आणि मृत्यू कामावर झाला असेल तर मंडळाकडून ५ लाख रुपये मिळतात. नोंदणीचे नूतनीकरण राहिले तर तोही आधार जातो.

कागद आणि मुदत

दावे बुडतात ते बहुधा कागदांपायी. मृत्यूच्या दाव्याला प्रथम खबर अहवाल, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला लागतो. गाडी चालवत असेल तर परवानाही. शेतकरी योजनेला सातबारा, फेरफार आणि तलाठ्याकडची वारसाची नोंद, म्हणजे गाव नमुना ६ क, जोडावी लागते. अपंगत्वाला शासकीय रुग्णालयाचा दाखला लागतो. सर्पदंश किंवा झाडावरून पडणे अशा घटनांत पोलिसांची नोंद पुष्कळदा होत नाही. सुरक्षा विम्यात अशा वेळी घटनेनंतर लगेच केलेली दवाखान्याची नोंद पुरावा धरली जाते. साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडे नेले आणि घरीच मृत्यू झाला, शवविच्छेदनही केले नाही, तर जीव जातो आणि दाव्याचा पुरावाही राहत नाही.

शेतकरी योजना आणि सुरक्षा विमा, दोन्हींची मुदत ३० दिवसांची आहे. तेरवीपर्यंत घर सुन्न असते आणि महिना तिथेच संपतो. सर्व कागद मिळाले नसले तरी मुदतीत अर्ज देऊन पोच घ्यावी. शवविच्छेदन किंवा व्हिसेरा अहवाल नंतर जोडता येतो. मूळ कागद एकाच ठिकाणी देऊन टाकू नयेत, साक्षांकित प्रतींचे तीन-चार संच करून ठेवावेत.

विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तेथे न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार फी न भरता करता येते. यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. शेतकरी अपघात योजनेत आता विमा कंपनी नसल्याने तिथली दाद महसूल आणि कृषी खात्याकडेच मागावी लागते.

सामान्य घरासाठी या सगळ्याचा क्रम सोपा आहे. आधी आरोग्य योजनेची नोंद आणि आयुष्मान कार्ड. मग घरातल्या १८ ते ७० वयाच्या प्रत्येकासाठी २० रुपयांचा विमा, आणि खात्यावर वारस म्हणून कोणाचे नाव आहे याची खात्री. गाडी असेल तर मालक-चालक संरक्षणाची तारीख. हातातल्या कामावरच घर चालत असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ असलेली एक छोटी खासगी पॉलिसी. आणि हे कागद कुठे ठेवले आहेत, ते घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असावे. विमा ज्याने काढला, दावा करण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते.